कडत आणि दप्तर

म्हैसुरातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत आपल्या अर्जाचे पुढे काय झाले हे विचारावयास गेले असता मेजापलीकडचा कारकून जे उत्तर देतो त्यात ‘कडत’ हा शब्द हटकून असतो. कडत साहेबांपुढे आहे, कडत अद्याप तालुक्याहून आलेले नाही, कडताची ‘विलेवारी’ झाली की कळवू. मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातला शेवटचा शब्द ऐकून परमुलखात गाववाला भेटल्यासारखे होते, कारण ही विलेवारी म्हणजे आपल्याच जुन्या कागदपत्रांतली विल्हेवारी, जिची धाकटी बहीण विल्हेवाट अजून आपल्या बोलण्यात नांदते आहे. पहिल्या शब्दापाशी मात्र तो अडखळतो. कोणी त्याला सांगतो, कडत म्हणजे फाईल. कोणी जुना जाणता मनुष्य, ऐकणारा मराठी आहे हे ओळखून, अधिक आपुलकीने सांगतो, कडत म्हणजे तुमचे दप्तर. यांपैकी पहिला अर्थ आजच्या व्यवहारापुरता बरोबर आहे. दुसरा अर्थ मीही अनेक वर्षे बरोबर समजत होतो, आणि तो तसा नाही हे कळावयास एक जुने कडत हातात धरावे लागले.

दप्तर आपल्या ओळखीचे आहे, म्हणून आधी त्याचे सांगतो. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि फारसीत तो ग्रीकांच्या ‘दिफ्थेरा’ या शब्दावरून आला असे कोशकार सांगतात. दिफ्थेरा म्हणजे कमावलेले कातडे, ज्यावर पश्चिमेकडील लोक एके काळी लिहीत असत. (घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला युरोपातील वैद्यांनी डिप्थेरिया हे नाव दिले ते त्याच मुळावरून, तेव्हा शाळकरी पोराच्या पाठीवरचे दप्तर आणि त्याला तान्हेपणी टोचलेली लस यांचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.) कातड्यावरून निघालेला हा शब्द कागदावर आला, कागदांच्या वहीवर आला, वह्यांच्या संग्रहावर आला, आणि उत्तरेत तर ज्या इमारतीत तो संग्रह ठेवावयाचा त्या इमारतीवर जाऊन बसला. मराठीने तो संग्रहापाशीच थांबविला. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाचे लांबट बंद, त्यांवर बोरूने लिहिलेली मोडी, ते बंद एकत्र करून चौकोनी रुमालात घट्ट बांधलेले, रुमालावर सालाची चिठ्ठी, आणि असे रुमाल फळ्यांवर रचून भरलेली खोली: पुण्याच्या पेशवे दप्तरात हे दृश्य आजही दिसते, आणि त्याच रुमालांतून निवडून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत 45 खंड छापून काढले. दप्तराचे सारे मर्म त्या रुमालाच्या गाठीत आहे. कागद एकदा आत गेला की तो तिथे राहावा, कोणी मागितला तर गाठ सोडून दाखवावा आणि पुन्हा बांधून ठेवावा, ही दप्तराची अपेक्षा.

कडताची घडण निराळी. सुती कापडाची एक पट्टी घ्यावयाची, तिला चिंचोक्याची खळ दोन्ही अंगांनी चोपडावयाची, त्या खळीत कोळशाची वस्त्रगाळ पूड मिसळून पट्टी काळीकुळकुळीत करावयाची, आणि वाळल्यावर ती कोठेही न कापता सारख्या मापाच्या घड्या घालीत पुस्तकासारखी मिटावयाची. दोन्ही टोकांच्या घड्यांना लाकडी फळ्या. श्रीमंताच्या कडताला त्या रंगवलेल्या व रोगण दिलेल्या, वर रेशमी खोळ, आणि गरिबाच्या कडताला फळ्यांऐवजी नुसती दोरी. मार्क विल्क्स या 1803 ते 1808 या काळात म्हैसूरच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या अधिकाऱ्याने आपल्या इतिहासग्रंथात या वस्तूचे वर्णन मोठ्या आस्थेने केले आहे, आणि मापे दिली आहेत ती अशी की रुंदी 8 इंचांपासून 1 फुटापर्यंत आणि लांबी 12 पासून 18 फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने आठ ते बारा हात. लिहावयाचे ते ‘बळप’ घेऊन. बळप म्हणजे शंखजिऱ्याची कांडी; ती काळ्या खळीवर ओढली की पांढरे अक्षर उमटते, आणि ओल्या फडक्याने पुसले की जाते. कोळशाचा थर विरला की नवा द्यावयाचा आणि तीच पट्टी पुन्हा वापरावयाची. थोडक्यात, कडत ही घडी घालता येणारी पाटी आहे.

कापड दोघांतही आहे, आणि घोटाळा होण्याचे कारण बहुधा तेच असावे. दप्तरात कापडात बांधावयाचे, कडतात कापडावर लिहावयाचे.

ही पद्धत किती जुनी याचा अंदाज करणाऱ्यांनी सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस याच्यापर्यंत मजल मारली आहे, कारण हिंदुस्थानातील लोक घट्ट विणीच्या वस्त्रावर पत्रे लिहितात असे त्याने नमूद केल्याचे स्ट्राबोने सांगितले आहे. निआर्कसाने पाहिले ते सिंधूकाठचे. त्याचा धागा कावेरीकाठच्या व्यापाऱ्याच्या गादीपर्यंत सरळ ओढणे मला धाडसाचे वाटते. त्यापेक्षा जवळचा आणि भरवशाचा पुरावा शृंगेरीच्या मठात आहे. म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी 1916 मध्ये तिथला संग्रह तपासला तेव्हा त्यांना दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची कडते मोठ्या संख्येने आढळली. गौरीशंकर ओझा यांनी आपल्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथात कापडावरील लेखनाचा विचार करताना या कडतांचा आवर्जून उल्लेख केला आहे. योगायोग असा की याच मठाच्या संग्रहात नरसिंहाचारांना टिपू सुलतानाने तिथल्या स्वामींना लिहिलेली कानडी पत्रेही सापडली, आणि त्यांचा विषय 1791 मध्ये मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेल्या लुटारूंनी मठाची केलेली नासधूस हा होता. आपल्या लोकांनी पुण्यात इतके दप्तर जपले आणि दुसऱ्याच्या दप्तरखान्याची ही अवस्था केली, हे वाचताना मराठी माणसाला मान खाली घालावी लागते. असो.

म्हैसुरात दप्तर आणि कडत यांची गाठ पडली कशी, हे पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागते. 1638 मध्ये बंगळूर शहाजी राजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्याबरोबर हिशेबात मुरलेली देशस्थ मंडळी या प्रांतात स्थिरावली. त्यांनी मराठी भाषा, मोडी लिपी आणि आदिलशाही वळणाची फारसी परिभाषा यांचे गाठोडे बरोबर आणले. पुढे 1687 मध्ये मोगलांच्या कासीमखानाने बंगळूर जिंकून ते 3 लाख रुपयांच्या बोलीने म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांना दिले, तेव्हा शहरासोबत ही लेखणीबहाद्दर माणसेही त्यांच्या राज्यात आली असली पाहिजेत. त्याच चिक्कदेवरायांनी 1700 च्या सुमारास औरंगजेबाकडे वकील पाठविला आणि तो परतल्यावर मोगली नमुन्यावर राज्यकारभाराची 18 खाती पाडली अशी परंपरा आहे. त्या खात्यांना ‘चावडी’ म्हणत. जकातीची चावडी, लोखंडाची चावडी, तंबाखूची चावडी, इतकेच काय, राजाच्या गोधनावर देखरेख करणारी ‘बेण्णे चावडी’ म्हणजे लोण्याची चावडी. टिपूने पुढे तिचेच नाव अमृतमहाल केले आणि त्या नावाची बैलांची जात आजही प्रसिद्ध आहे. अठरा खात्यांची आठवण बंगळूरच्या ‘अट्टार कचेरी’ या 1868 साली पुऱ्या झालेल्या तांबड्या इमारतीच्या नावात राहिली. आज तिथे उच्च न्यायालय भरते, आणि त्या अट्टारात आपला अठरा हा आकडा दडला आहे हे तिथे ये-जा करणाऱ्या किती जणांच्या कानावर येत असेल, देव जाणे.

हैदराच्या अमदानीत हिशेब कानडीत आणि मराठीत असे दुहेरी ठेवले जात, म्हणजे एका भाषेतल्या कारकुनाची चूक किंवा चलाखी दुसऱ्या भाषेतल्या कारकुनाच्या वहीवरून उघडी पडावी. टिपूने त्यात फारसीची भर घातली, आणि त्याच्या महसुली कायद्यात कडतावर सरकारी हिशेब लिहिण्याची मनाई केली. हा कायदा मुळात फारसीत होता. बरिश क्रिस्प या इंग्रजाने त्याचे भाषांतर करून ते 1792 मध्ये कलकत्त्यास छापले, आणि या मनाईच्या कलमापाशी आल्यावर त्या गृहस्थाची जी पंचाईत झाली ती माझ्या मते या शब्दाच्या चरित्रातली सर्वांत मौजेची घटना आहे. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, आणि ‘ड’ हा वर्ण तर त्या भाषेत मुळातच नाही. तेव्हा कडत या शब्दाची अक्षरे क-र-त अशी काहीतरी उमटली असावीत. कलकत्त्यास बसलेल्या भाषांतरकाराने ती ‘किर्रेट’ अशी वाचली, संदर्भावरून ही काहीतरी लिहिण्याची वस्तू आहे एवढे ताडले, आणि दक्षिणेत लोक ताडपत्रावर लिहितात हे ऐकून ठाऊक असल्यामुळे त्याचा अर्थ ठोकून दिला, ताडपत्र.

ताडपत्राला कानडीत ‘ओले’ म्हणतात. (मराठी वाचकाने येथे हसू नये, हे ओले कोरडेच असते.) ओले म्हणजे ताडाचे पान, त्यावरून पत्र, आणि कानात पूर्वी ताडपत्राची गुंडाळी घालीत त्यावरून कर्णभूषणही. ओलेवर लोखंडी कंटकाने अक्षर कोरतात आणि मग त्यात काजळी भरतात. एकदा कोरलेले अक्षर पान कुजेपर्यंत किंवा कसरीच्या पोटात जाईपर्यंत जात नाही. म्हणजे जी वस्तू पुसता येते म्हणून सुलतानाने बंद केली, तिच्या जागी भाषांतरकाराने जी कधीच पुसता येत नाही ती वस्तू आणून बसविली, आणि कलमाला काही अर्थच उरला नाही. विल्क्सने ही चूक दाखवून दिली, तीही सभ्यपणे, भाषांतरकाराने हा अर्थ अर्थातच तर्काने दिला असणार असे म्हणून. म्हैसुरात राहिलेला माणूस आणि कलकत्त्यात कोश उलगडणारा माणूस यांतला फरक येथे लख्ख दिसतो. पूर्णय्यांसारख्या तीन कारकीर्दी पाहिलेल्या दिवाणाचे साहाय्य विल्क्सला होते, आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानात कडत त्याच्या डोळ्यांपुढे होते.

सुलतानाच्या मनाईमागचा विचार साधा आहे. पुसता येणाऱ्या वहीत सरकारी रक्कम लिहिली तर कारकून ती बदलील. पण विल्क्स या बाबतीत सुलतानाशी सहमत नाही, आणि त्याचे म्हणणे वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. तो म्हणतो की खोटे लिहिण्यास कडत सोयीचे असले तरी उत्तम कागदावरच्या उत्तम लेखनापेक्षा ते अधिक टिकाऊ आहे. आणि त्याने स्वतः असे पाहिले की एका व्यापाऱ्याच्या कडतात साक्षीदारांसह लिहिलेले कर्जखत न्यायाच्या कामी पुढे आले आणि ते पुरावा म्हणून घेतलेही गेले. ओल्या बोटाने नाहीसे होणारे कर्जखत पुरावा म्हणून ग्राह्य धरणारी ही कसली कचेरी, असे आपल्याला वाटेल. परंतु कडत हे व्यापाऱ्याच्या गादीवर, चारचौघांच्या देखत उघडत असे. त्यात रोज नवे लिहिले जाई, रोज जुने वाचले जाई, आणि एक ओळ पुसली तर तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या ओळी, शिल्लक, साक्षीदारांची नावे आणि समोरच्याच्या कडतातली जोडओळ हे सारे पुसणे आवश्यक होई. ऋणकोचेही एक कडत असे, हे विसरता कामा नये.

उलट ज्या कागदाला आपण न बदलणारा समजतो, त्याच्याविषयी आपले मराठे राज्यकर्ते किती सावध होते ते पाहावे. पत्राचे दोन बंद डिंकाने जोडले तर जोडावर पाठीमागून शिक्का. मजकूर संपला की लगेच खाली लहान मुद्रा, तिच्यावर शिवाजी महाराजांच्या काळी ‘मर्यादेयं विराजते’ आणि पेशव्यांच्या काळी ‘लेखनसीमा’, म्हणजे येथे लिहिणे संपले, यापुढचे एक अक्षरही आमचे नव्हे. कागदाला भीती होती ती वाढविले जाण्याची. कडताला भीती होती ती कमी केले जाण्याची. या दोन भीतींतून दोन निराळ्या कारकुनी जन्मल्या. दप्तराचा कारकून मोर्तबाचा पहारेकरी झाला, कडताचा कारकून स्मरणशक्तीचा आणि ताळेबंदाचा.

लेखातल्या फेरफाराच्या या प्रश्नाला म्हैसूर शहरातच आणखी एक साक्षीदार आहे. 1891 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी मिळाली, ओलेवर ग्रंथ लिपीत लिहिलेली, आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली. त्यात अक्षपटलाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा, जो अध्याय आहे त्यात नोंद क्रम सोडून किंवा दोनदा लिहिणाऱ्या लेखकाला 12 पणांचा दंड सांगितला आहे, आणि शिलकेच्या रकमेत तसा घोळ करणाऱ्याला त्याच्या दुप्पट. शिलकेत घोळ केला तर गुन्हा मोठा, हे कौटिल्याने ओळखले होते; म्हैसूरच्या संतेपेट या बाजारातल्या व्यापाऱ्यालाही ते पुस्तक न वाचता ठाऊक होते. आणि याच शहरात 1937 साली निघालेल्या, आज म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश या नावाने चालणाऱ्या सरकारी कारखान्यात 1962 च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लावावयाची न पुसणारी शाई तयार होते, ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तिचा कडताशी एवढाच संबंध असला की दोन्ही ठिकाणी प्रश्न बोटाचा आणि पुसण्याचा आहे.

कडत गेले कसे, हे थोडक्यात सांगता येते. 1831 मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार आपल्या हाती घेतला तो 1881 मध्ये राजघराण्याकडे परत दिला; या 50 वर्षांत कचेरीत कापडाची जागा कागदाने घेतली. 1863 मध्ये मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा तर मराठी परिभाषेचा दुसरा लोंढा आला, आणि म्हैसूरचा शेतकरी आजही आपल्या सातबाऱ्याच्या जागी असलेल्या उताऱ्याला ‘पहाणी’ म्हणतो, आकारणीच्या तक्त्याला ‘आकारबंद’ म्हणतो, आणि कागदाखाली सही करणे म्हणजे ‘रुजु’ करणे. आपण कामावर रुजू होतो, तो कागदावर रुजु करतो. बळप मात्र शाळेत गेला. दगडी पाटीवर लिहिण्याच्या लेखणीला कानडी मुले बळपच म्हणतात, आणि ती जुनी शंखजिऱ्याची कांडी अशा रीतीने दिवाणाच्या हातून बालवर्गाच्या हाती आली. राहिले ते कडत हे नाव. कचेरीने वस्तू टाकली पण नाव टाकले नाही. ते कागदांच्या गठ्ठ्याला चिकटवले, आणि त्यापुढे विलेवारी हा मराठी शब्द जोडला. अशा रीतीने म्हैसूरच्या कारकुनाच्या तोंडी आज कडत हा शब्द ज्या वस्तूसाठी येतो, ती फीत बांधलेली, शेरे मारलेली, कपाटात पडून राहिलेली वस्तू जुन्या अर्थाने पाहिले तर दप्तरातलाच एक रुमाल आहे.

मी पाहिलेले कडत संतेपेटेतल्या एका जुन्या व्यापारी घरात होते. घरातले आजोबा घरात मराठी, गादीवर कानडी आणि रागावले की दोन्ही अशी बोली बोलणारे. त्यांनी देवघराखालच्या फडताळातून ते काढले. दोरीने बांधलेले, फळ्या नसलेले, म्हणजे विल्क्सच्या वर्गवारीत गरिबाघरचे. उघडताना घड्यांच्या रेषांवरून काळी खपली गळून मांडीवर पडली, आणि तिथे खालचे मळकट पांढरे सूत उघडे पडले. बाकीचा पृष्ठभाग मात्र तव्यासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर कानडी आकडे, काही ठिकाणी आडव्या रेघा, कोपऱ्यात कोणाचे तरी नाव, सारे फिकट पण स्पष्ट. मी विचारले, खरेच पुसले जाते का हो? आजोबांनी विचार न करता अंगठा जिभेला लावला आणि एका ओळीवरून फिरविला. मी “अहो, राहू द्या, राहू द्या” म्हणेपर्यंत ती ओळ गेली होती. ती घेण्याची होती की देण्याची, हे आम्हा दोघांनाही आधी वाचता आले नव्हते.